अकरावा फोटो

साहेब, अकरावा फोटो तुम्ही पाहिलेला नाही. "सर्व चौदा छायाचित्रांचे बारकाईने अवलोकन केले असता तलावाची भिंत सुस्थितीत आढळून आली," असं तुम्ही लिहून दिलंत, खाली सही केलीत, आणि ते धडधडीत खोटं आहे. कुणी चुगली केली म्हणून हे कळलेलं नाही. तुमच्याच बोटानं ते सांगितलं. कसं, ते ऐका.

नगरला सावेडीत औषधांच्या दुकानावर एक मजला आहे. तिथं आठ माणसांची कंपनी चालते, वेबसाईट बनवायची. त्यातली एक ज्ञानेश्वरी. पाथर्डी तालुक्यातली, पाझर तलावाच्या भिंतीखाली एकोणीस घरांची तळवस्ती आहे, तिथली पोरगी. तिची आई छबूबाई अजून तिथंच राहते. तलावांच्या पावसाळी तपासणीचं पोर्टल ज्ञानेश्वरीनंच बांधलं. गावानं भिंतीचे फोटो चढवायचे, साहेबांनी, म्हणजे तुम्ही, ते जलसंधारणाच्या कार्यालयात बसून बघायचे, आणि "तपासले, मान्य" हे हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं की आदेश आपोआप तयार. ते "बारकाईने अवलोकन" वगैरे वाक्यसुद्धा आपोआप येतं. कार्यालयानंच ते तसं लिहून दिलं होतं.

सुरुवातीला पान उघडलं की चौदाच्या चौदा फोटो एकदम यायचे. मोबाईलवर काढलेले जडशीळ फोटो ते, पान दम खात उघडायचं. जूनमध्ये कार्यालयातून फोन आला, "साहेब चिडतात. फास्ट करा." मग ज्ञानेश्वरीनं लेझी लोडिंग बसवलं. नाव इंग्रजी असलं तरी रीत पंगतीतली आहे. वाढपी सगळं जेवण एकदम पानात ओतत नाही, माणूस जेवत जाईल तसं वाढत जातो. इथंही तसंच. स्क्रीनवर मावतील तेवढेच चार फोटो सर्व्हरकडून मागवायचे. खालच्या फोटोंच्या जागी नुसते करडे चौकोन. बोटानं पान सरकवलं की पुढचे दोन येणार, आणखी सरकवलं की आणखी दोन. सरकवलंच नाही, तर चौकोन करडेच राहणार.

पान झटक्यात उघडायला लागलं. कार्यालयातून कंपनीत पेढे आले.

जुलैत पुन्हा फोन. ते हिरवं बटण शेवटच्या फोटोच्या खाली होतं. "दरवेळी एवढं खाली कशाला जायचं? बटण वर घ्या." ज्ञानेश्वरीनं वर घेतलं. पाच मिनिटांचं काम. तेव्हा तिच्या मनात काही आलं नाही, आणि हेच तिला पुढं रात्रंदिवस खाणार होतं.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. सकाळी अकराला आईचा फोन.

"ग्यानू, तळं सांडव्याला टेकलं बग!" छबूबाईचा आवाज पोरीसारखा झाला होता. "सा वर्सांनी. जलपूजन झालं परवा. म्या सोता वटी भरली तळ्याची."

"बरं झालं आई. आणि कादरचाचा भिंतीचं काय म्हणत होता?"

"त्याचं काय, त्यो भिताडांचा डाक्टर. म्हन्तो, पायथ्याला झरा फुटलाय. आगं, फुटला तर फुटला! माझ्या दारापासनं ईस पावलांवर पानी. भांडी तितंच घासते म्या आता, हंडा वाहायचा ताप गेला."

ज्ञानेश्वरी खुर्चीत सरळ झाली. कादरचाचा गवंडी होता, आणि तलाव बांधला तेव्हा त्या भिंतीच्या दगडी अस्तरावर तीन महिने राबलेला. तो उगीच बोलणारा माणूस नव्हता.

"झरा भिंतीतून येतोय?"

"घाबरतीस कशाला? सायबानं पास केलंय की. गहिनीआण्णानं कागद लावलाय समाजमंदिरावर. वाचून बी दावला सगळ्यांना. भित सुस्थितीत."

फोन ठेवून तिनं पोर्टल उघडलं. काल दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी मान्य. एवढं कुणालाही दिसलं असतं, पण ज्ञानेश्वरीला सर्व्हरच्या आत जायची सोय होती. कुणी कोणता फोटो कधी मागवला याची सर्व्हर नोंद ठेवतो. तिनं ती नोंद काढली.

एक, दोन, तीन, चार. पुढं काहीच नाही. पान उघडून नऊ सेकंदांत हिरवं बटण.

पान बोटभर जरी सरकलं असतं तरी पाचवा आणि सहावा फोटो आला असता. तेही आले नव्हते. पाचपासून चौदापर्यंत एकेका फोटोपुढं एकच ओळ होती, गावातून चढवल्याची. त्यानंतर जगात कुणी तो मागितलेला नव्हता.

 तिनं स्वतः पान उघडलं.

पहिला फोटो नामफलकाचा, हार घातलेला. दुसरा नारळ फोडतानाचा. तिसऱ्यात फेटे बांधलेली पाच माणसं. चौथ्यात तिची आई, पदर डोक्यावर, सुपात साडी, खण, गहू, पाण्यापुढं वाकलेली. म्हणजे साहेबांनी हे पाहिलं होतं. तिच्या आईला पाहिलं होतं आणि बटण दाबलं होतं.

ती खाली सरकली. करडे चौकोन. मग एकेकात चित्र भरत गेलं. पेढे. पोरं पाण्यात. आणखी फेटे. दहापर्यंत सगळं तसंच.

अकराव्या चौकोनाला वेळ लागला. आधी वरची पट्टी आली, हिरवं गवत. मग ओला काळा मुरूम. मग एक चप्पल. कादरचाचाची, अंगठा तारेनं बांधलेला. भोकाचा आकार कळावा म्हणून त्यानं ती शेजारी ठेवली होती. भोक टाचेएवढं होतं आणि त्यातून मनगटाएवढं पाणी उसळत होतं. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वाटेवर, घासून पालथी घातलेली भांडी. ज्ञानेश्वरीनं त्यातला पोचा आलेला हंडा ओळखला.

नोंदीत नवी ओळ उमटली. फोटो अकरा, पाहणार ज्ञानेश्वरी, अकरा बेचाळीस. पोर्टलवर तो पाहणारी पहिली तीच.

"काय झालं गं? तोंड का पांढरं पडलं?" शेजारच्या टेबलावरून सबिहानं विचारलं. ज्ञानेश्वरीनं स्क्रीन वळवली. सबिहानं नोंद वाचली, फोटो पाहिला, परत नोंद वाचली.

"दुसऱ्या मशीनवर पाहिले असतील."

"कुठूनही पाहिले तरी इथं ओळ पडते. तूच तर लिहिलंयस ते."

 सबिहा हळूच म्हणाली, "नऊ सेकंद. माझी अम्मी भाजीवाल्याची मेथी याच्यापेक्षा जास्त वेळ बघते."

कंपनीचा मालक तौसीफ. माणूस वाईट नव्हता, पण भितरा. ज्ञानेश्वरीनं नोंद दाखवली तसं त्यानं दार लावून घेतलं.

"ही नोंद कार्यालयाची आहे, आपली नाही. बाहेर गेली तर आपल्या दाराला कुलूप लागेल. तू त्यांना फोन कर, नम्रपणे सांग की फोटो परत एकदा बघा. नोंदीचं नाव काढू नकोस."

तिनं कार्यालयात फोन केला. साहेब मीटिंगला. फोनवरचा कारकून जांभई देत म्हणाला, "फोटो पाहूनच सही झालेली असते, मॅडम. हरकत असेल तर पोर्टलवर 'नागरिकांचा प्रश्न' म्हणून चौकट आहे, तिथं टाका. सात दिवसांत उत्तर मिळतं."

ती चौकट ज्ञानेश्वरीनंच बनवली होती. ती पानाच्या अगदी तळाशी होती. तीही सरकवल्याशिवाय येत नव्हती.

तिनं गहिनीनाथला फोन लावला. तो ग्रामपंचायतीत शिपाई आणि तिचा चुलता. फोटो त्यानंच काढले, त्यानंच चढवले होते.

"आण्णा, वस्ती रिकामी करा. आत्ता. शाळेत जा सगळे."

पलीकडून हसणं. "नगरला ऊन लई लागलं का काय, पोरी? सा वर्सं टँकरमागं पळालो. आता तळं भरलं तर घरं सोडायची? लोक जोड्यानं मारतील मला."

"आण्णा, साहेबांनी फोटो पाहिलेच नाहीत."

"सही हाय की खाली. शिक्का हाय. तू का सायबाच्या डोक्यावर बसली व्हती?"

काय सांगणार? फोनवर कुणाला दाखवता येणार होतं? तळवस्तीत माणूस बोलला तर ऐकून सोडतात, कागद बोलला तर उठून उभे राहतात. साहेबांचा कागद भिंतीवर होता. त्याच्यापुढं कागदच पाहिजे होता.

तिनं प्रिंट दिली. यंत्र कुरकुरायला लागलं तशी सबिहा उठली आणि तौसीफच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली, चहा पाहिजे का विचारत. तेवढ्यात कागद हातात आला. घाईत ज्ञानेश्वरीनं एका तलावाऐवजी सगळ्यांची यादी छापली होती. पहिलं पान बघून तिच्या अंगावर काटा आला, पण थांबायला वेळ नव्हता. बॅग उचलून ती जिना उतरली.

पाथर्डीची एसटी भरलेली होती. करंजीचा घाट चढताना पावसानं काचा धूसर केल्या. ती आईला फोन लावत होती आणि लागत नव्हता. स्क्रीनवर ते गोल फिरत राहायचं. तिनं शंभरदा ते गोल लोकांच्या स्क्रीनवर ठेवलं होतं, थांबा, येतंय, म्हणून. आज तिला ते बघवेना. डोळे मिटले तर करडे चौकोन दिसायचे, आणि प्रत्येक चौकोनामागं काहीतरी होतं, फक्त अजून मागवलेलं नव्हतं. आता घर असेल का? आता? मागच्या सीटवर कुणीतरी भजी खात होतं आणि मोठ्यानं म्हणत होतं, यंदा पाण्याची चिंता मिटली.

पाथर्डीहून जीप. ती वस्तीवर पोचली तेव्हा चार वाजून गेले होते.

तळं खरंच भरलेलं होतं. एवढं पाणी तिनं तिथं लहानपणी पाहिलं असेल नसेल. कडेला अजून फुलं तरंगत होती. भिंतीवर शेळ्या चरत होत्या. सगळं इतकं शांत की तिचीच तिला लाज वाटायला लागली. समाजमंदिरासमोर पंधरा-वीस माणसं जमली. छबूबाई ओल्या हातानं आली, गालावर हात फिरवून म्हणाली, "वाळली गं. अन् आज कशी काय? नोकरी सोडली?"

"सुटेल बहुतेक," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि कट्ट्यावर चढली.

तिनं भिंतीवरचा साहेबांचा कागद वाचला. मग शेजारी आपला कागद धरला. "हे बघा. फोटो एक, पाहिला. दोन, पाहिला. तीन, पाहिला. चार, पाहिला. पाच, नाही. सहा, नाही. सात, नाही." चौदापर्यंत ती थांबली नाही. "नऊ सेकंदांत सही केली. झऱ्याचा फोटो अकरावा आहे. तो त्यांनी उघडलाच नाही. त्यांनी नारळ पाहिला, फेटे पाहिले, आणि भिंत पास केली."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग ह्यो सही केलेला कागद लबाड?"

"लबाड."

गहिनीनाथ पुढं सरकला. "आगं, पन म्या चौदा चढवले हुते."

"आण्णा, झऱ्याचा पहिला का नाही टाकला?"

"पहिला?" त्याला ते पटेचना. "सा वर्सांनी तळं भरलं. पहिलाच फोटो फुटक्या भितीचा द्यायचा? अपशकुन न्हाई का? आदी पूजा, वटी, मानाची मान्सं. दुखनं मागून सांगायचं आसतं. सायेब काय, पाव्हनाच त्यो. पाव्हन्याला दारातच रडगानं ऐकवतो का आपन?" बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. "म्हंजी माज्यामुळं झालं का?"

"नाही आण्णा. माझ्यामुळं झालं." तिला हे म्हणायचं नव्हतं, पण म्हटल्याशिवाय पुढचं निघत नव्हतं. "खालचे फोटो मागितल्याशिवाय येणार नाहीत, हे मी केलं. साहेबांचा वेळ वाचावा म्हणून. बटण तळाशी होतं, तेही मीच वर नेलं. फोटो न बघता सही करायची सोय मी करून दिली."

  कादरचाचा पुढं आला, कमरेत वाकलेला, तारेच्या अंगठ्याची चप्पल फटफटवत.

"मी सांगून दमलो. आता पोरीचा कागद आला तर ऐका. पानी भितीतनं निवळ येतंय तवर भित जित्ती हाय. तिच्यातनं नुस्तं पानी येतंय. गढूळ आलं, का ती सोता यायला लागली म्हना. आतून माती घिऊन येतंय त्ये."

"आत्ता निवळच हाय की," छबूबाई म्हणाली. "दुपारीच भांडी घासली म्या. तळ दिसत हुता."

"मंग पुन्यांदा जाऊन बग."

"बगते की. माझी भांडी बी तितंच हायेत." ती तरातरा निघाली. ज्ञानेश्वरी मागं धावली तर आईनं हात झटकला. "ल्हान हाय का म्या?"

घराच्या दारापासून वीस पावलांचं अंतर. ज्ञानेश्वरी मध्येच उभी राहिली. आई वाकली. हंडा बाजूला केला. तांब्या झऱ्याला लावला. मग वाकलेलीच राहिली, जरा जास्तच वेळ.

परत आली तेव्हा तिच्या हातात एकच तांब्या होता. बाकी भांडी तिथंच. जी आयुष्यात एक वाटी कुठं विसरली नव्हती, ती बाई हंडा टाकून आली होती. तिनं तांब्या कादरचाचापुढं धरला.

"चहावानी आलंय," ती म्हणाली.

कादरचाचानं दोन बोटं घातली, चोळली. बोटांवर बारीक पिवळी माती राहिली.  त्यानं भिंतीकडं पाहिलंसुद्धा नाही. वळला आणि शाळेच्या चढाला लागला, आणि म्हातारा पळतोय हे बघून सगळी वस्ती पळाली.

पळापळीचं काय सांगायचं? अंथरुणाला खिळलेल्या बनुबाईला खाटेसकट उचललं. गाई-शेळ्यांची दावी कापली. कुणी रेशनकार्ड घेतलं, कुणी घेता घेता टाकलं. गहिनीनाथ एकेका घरात शिरून मोठ्यानं नावं घेत होता आणि परत मोजत होता. दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. तेव्हा ही घरं अशीच मोकळी असतात, फक्त तेव्हा दारांना कुलपं असतात. सहाला शेवटचं माणूस चढावर आलं.

शाळेच्या व्हरांड्यातून सगळं दिसत होतं. झऱ्याजवळचा गाडाभर मुरूम खचला होता. त्यात पोचा आलेला हंडा अर्धा बुडाला होता, आणि पाणी आता छबूबाईच्या उंबऱ्याला लागून वाहत होतं. भिंत उभी होती. अजून किती वेळ, ते कादरचाचालाही सांगता येईना. छबूबाई पोरीच्या खांद्याला टेकून बसली होती. 

ज्ञानेश्वरीचा फोन वाजला. कार्यालयातला सकाळचाच कारकून, पण आता जांभई नव्हती.

"मॅडम, साहेब बोलतायत."

मग तुम्ही फोनवर आलात, साहेब. पहिल्यांदा तुमचा आवाज तिनं ऐकला. तलावाचं काय झालं, माणसं कुठं आहेत, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "सर्व्हरची नोंद कुणाच्या परवानगीनं बाहेर काढली?" गावातून कुणीतरी कागदाचा फोटो काढून सगळीकडं पाठवला होता. तो मात्र तुम्ही पूर्ण पाहिलेला दिसला.

 तौसीफचे सात फोन येऊन गेले होते, म्हणजे नोकरीचं जे व्हायचं ते झालं होतं. तिनं बॅगेतून बाकीची पानं काढली. घाईत छापलेली ती सगळी यादी, जिल्ह्यातल्या दोनशे बारा तलावांची. सकाळी तिच्या अंगावर काटा आला होता तो हिच्यामुळं. चौदापैकी चार. अकरापैकी चार. वीसपैकी चार. पानंच्या पानं, चार, चार, चार. आणि प्रत्येक तलावाच्या भिंतीखाली कुणाची तरी भांडी पालथी घातलेली असणार.

"परवानगी नव्हती, साहेब," ती म्हणाली. तिनं फोन कानापासून हलवला नाही. "माझ्यावर काय करायचं ते करा. माझी चूक मी सगळ्या वस्तीसमोर सांगितलीय. आता तुम्ही सांगा. आमच्या भिंतीचा अकरावा फोटो तुम्ही पाहिला होता का?"

तुम्ही म्हणालात, "हे बघा, ही पद्धत नाही."

"बरं. मग उरलेल्या दोनशे अकरा भिंतींचे फोटो तरी? पाऊस थांबलेला नाही, साहेब. चारच्या खाली काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. मी फोन ठेवणार नाही. पाहिलेत का? हो की नाही?"